ताईचा ओटीपी

आमच्या टीव्हीच्या पाठीमागे एक काळी काडी खोचलेली असते. खोक्यावर तिचं मोठं इंग्रजी नाव छापलेलं होतं, पण घरात तिला सगळे काडीच म्हणतात. 'काडी लाव', 'काडी अडकली', 'काडी काढून परत घाल'. नेरूळच्या आमच्या फ्लॅटमध्ये ही काडी आली, तेव्हा मी केबलवाल्याला फोन करून उगाचच जरा रुबाबात सांगितलं होतं, "तुमचं कनेक्शन बंद करा, आम्ही आता नेटवर बघतो." नवीन वस्तू घेतली की ती चार जणांना दाखवल्याशिवाय मला चैन पडत नाही. बायको म्हणते, तुम्हाला टीव्ही बघायला आवडत नाही, दाखवायला आवडतो. ते खरं आहे.

काडी माझी असली, तरी तिच्यातून जे दिसतं ते ताईचं. ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण, लग्न होऊन उरणला गेलेली. दाजी तिथल्याच एका कंटेनर यार्डात सुपरवायझर आहेत. त्यांनी घरी इंटरनेट घेतलं, तेव्हा त्याच्यासोबत सिनेमे, मालिका, क्रिकेट असं सगळं आपोआप आलं, आणि त्या दोघांना त्यातलं काहीच नको होतं. दाजी ड्यूटीवरून येऊन बातम्या लावतात आणि बातम्या संपायच्या आत घोरायला लागतात. ताई मला म्हणाली, "अरे, नुसतं पडून आहे. तू लाव ना तुझ्याकडे." मी लगेच लावलं. खातं तिच्याच मोबाइल नंबरवर राहिलं.

या काडीला मधूनच लहर येते. काल रात्रीपर्यंत व्यवस्थित चाललेली असते आणि आज चालू केली की ओळखच दाखवत नाही. पडद्यावर रिकामा चौकोन येतो आणि मोबाइल नंबर विचारतो. तिथे ताईचा नंबर टाकायचा, की ताईच्या फोनवर सहा आकड्यांचा ओटीपी जातो, आणि तो जरा वेळाने बाद होतो. म्हणजे इकडे काडी बिनसली, की तिकडे ताईने हातातलं काम टाकायचं, चष्मा शोधायचा, मेसेज उघडायचा आणि एकेक आकडा वाचून दाखवायचा. मी रिमोटने तो टिपत जायचो. शेवटचा आकडा झाला की ती विचारायची, "आलं का?" मी म्हणायचो, "आलं आलं," आणि फोन ठेवायचो.

ती भाजी चिरत असायची, नळाला पाणी आलेलं असायचं, एकदा तर ती कुणाच्या तरी हळदीला गेली होती आणि मागे बेंजो वाजत होता. तिने कधी 'आत्ता नको' म्हटलं नाही. आणि मला तरी कधी विचारावंसं वाटलं नाही की तू कुठे आहेस, काय करतेस. सांगायला लाज वाटते, पण हळूहळू आमच्या दोघांमध्ये तेवढेच फोन उरले. त्यातही गंमत अशी, की कुणी विचारलं, "काय, ताईशी बोलणं होतं का?" तर मी छातीठोकपणे सांगायचो, "हो, परवाच झालं." ते मला खरंच बोलणं वाटायचं.

तिचं ते 'आलं का?' मात्र जुनं होतं. आम्ही वाढलो वाशीला, सिडकोच्या बिल्डिंगमध्ये. बाबा तळोज्याला एका कंपनीत होते. घरात ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता आणि त्याचा अँटेना गच्चीवर. खाडीवरून वारा सुटला की अँटेना फिरायचा आणि चित्रात मुंग्या यायच्या. मग ताईने गच्चीवर जाऊन तो फिरवायचा आणि मी टीव्हीसमोर बसून खिडकीतून ओरडायचं. ती वरून विचारायची, "आलं का?" मी खालून, "आलं... गेलं... आलं! आता हलू नको!" कधी कधी अँटेना सोडला की चित्र जायचं, म्हणून ती तो तसाच धरून उभी राहायची आणि मी इकडे पिक्चर बघायचो. ती खाली यायची तेव्हा मारामारी होऊन गेलेली असायची, आणि मग मी तिला ती सगळी हातवारे करून सांगायचो. मी लहान होतो, मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

नेरूळहून उरणची गाडी सुरू झाली, तेव्हा मी ताईला फोनवर जाहीर केलं होतं, "आता काय, दर रविवारी तुझ्याकडे जेवायला." तिने ते खरं धरलं. पहिल्या रविवारी आम्ही गेलो, मी नव्या स्टेशनांचं भरपूर कौतुक केलं, जिताडा माशाचं कालवण दोनदा मागून घेतलं. त्यानंतर रविवार आले तसे गेले. कधी मुलीची परीक्षा, कधी सोसायटीची मीटिंग, कधी नुसताच कंटाळा. नंतर नंतर तिनेही "येताय का?" असं विचारणं सोडलं.

तर तो रविवार. क्रिकेटचा मोठा सामना होता आणि मी ऑफिसातल्या लोकांना घरी बोलावलं होतं. नवा मोठा टीव्ही घेऊन थोडेच दिवस झाले होते. मी आठवडाभर ऑफिसात सांगत होतो, "या तर खरं, थेटर विसराल." चार-पाच जण आले, दोघे बायकांना घेऊन आले, आणि मुख्य म्हणजे आमचे साहेब आले, जे कुणाकडे जात नाहीत. बायकोने मिसळ केली होती. साहेबांना टीव्हीच्या बरोब्बर समोरची जागा दिली, पडदे ओढले, आणि मी जादूगाराच्या थाटात रिमोट दाबला.

पडद्यावर रिकामा चौकोन आला. मोबाइल नंबर टाका.

नाणेफेक होऊन गेली होती. मी हसत हसत ताईचा नंबर टाकला आणि तिला फोन लावला. तिने उचलला नाही. परत लावला. परत नाही. सगळे शांतपणे तो चौकोन बघत बसले होते. कुणीतरी मिसळीचं कौतुक केलं. साहेब म्हणाले, "राहू द्या हो, मोबाइलवर बघू आपण." ते मला फार झोंबलं. एवढा मोठा टीव्ही भिंतीवर, आणि साहेबांनी माझ्या घरी येऊन मोबाइलवर मॅच बघायची! मी म्हणालो, "नाही नाही सर, आत्ता होतं. ओटीपी बहिणीकडे जातो ना, ती जरा स्लो आहे." आणि परत फोन लावला. दोन्ही हात रिमोटला लागतात म्हणून स्पीकर चालू करून फोन टीपॉयवर ठेवला.

या वेळी तिने उचलला. "हां... बरं झालं रे तू फोन केलास. मी आत्ता तुलाच..."

"ताई, ते नंतर. आधी मेसेज बघ, ओटीपी आलाय. पाहुणे खोळंबलेत."

 मागे कुणीतरी मोठ्याने कुणाला तरी हाका मारत होतं, चाकं घरंगळल्याचा आवाज येत होता. मला वाटलं, बाजारात असेल.

"थांब," ती म्हणाली. मग तिने आकडे वाचले. मी ते टाकले. चूक. तोवर मी दुसऱ्यांदा ओटीपी मागवला होता आणि तिने पहिलाच वाचला होता. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडद्यावर लाल अक्षरं आली.

"ताई, नीट बघून सांग ना! खालचा मेसेज बघ, खालचा! चष्मा लाव जरा." आणि मग पाहुण्यांकडे वळून, आवाज मुळीच कमी न करता, मी म्हणालो, "आमच्या ताईला ओटीपी विचारायचा म्हणजे तिला फळ्यावर गणित सोडवायला उभं केल्यासारखं आहे."

सगळे हसले. साहेब तर खळखळून हसले. मला बरं वाटलं, कारण त्या चौकोनावरचं लक्ष उडालं. फोनचा स्पीकर चालूच होता.

ताईने खालचा मेसेज वाचला. एकेक आकडा सुटा करून, पहिलीतल्या मुलासारखा. चित्र आलं, हिरवंगार मैदान भिंतभर पसरलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी "झालं, ठेवतो" म्हणून फोन बंद केला. 'आलं का?' असं तिने त्या दिवशी विचारलं नव्हतं. ते माझ्या लक्षातही आलं नाही.

बायकोच्या मात्र काहीतरी लक्षात आलं होतं. मी पाव घ्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर म्हणाली, "ताईंचा आवाज कसातरीच येत होता. काही झालंय का?"

"बाजारात असेल गं. केवढा गोंधळ होता मागे."

"एवढ्या उन्हात? त्या काहीतरी सांगत होत्या. नंतर परत फोन करा."

"करतो," मी म्हणालो आणि पाव घेऊन बाहेर गेलो. सामना रंगला. साहेब जाताना म्हणाले, "मजा आली, टीव्ही एक नंबर आहे." ते वाक्य मी संध्याकाळभर चघळत बसलो. फोन राहिला. सोमवारीही राहिला.

मंगळवारी दुपारी ऑफिसात असताना फॅमिली ग्रुपवर दाजींच्या धाकट्या भावाचा मेसेज आला. दादांना आज डिस्चार्ज मिळाला, आता तब्येत ठीक आहे, काळजी नसावी. रविवारी छातीत दुखायला लागल्यामुळे ॲडमिट केलं होतं. खाली हॉस्पिटलचं नाव होतं. मी ते दोनदा वाचलं. ते हॉस्पिटल उरणचं नव्हतं. ते आमच्या नेरूळचं, स्टेशनला जाताना मी रोज ज्याच्या फाटकावरून जातो ते होतं. आमच्या गच्चीवरून त्याची पाटी दिसते.

मी त्या भावाला फोन केला. तो सरळ माणूस, त्याने सरळ सगळं सांगितलं. सकाळी दाजींना घाम फुटला, उरणच्या डॉक्टरांनी वेळ न घालवता नेरूळला न्यायला सांगितलं, ॲम्ब्युलन्समधून आणलं. आल्या आल्या त्यांना आत घेतलं, स्टेंट टाकायचं ठरलं. हा औषधांच्या आणि रक्ताच्या मागे धावत होता आणि वहिनी बाहेरच्या बाकावर एकट्याच होत्या. "त्या म्हनल्या, माझा भाऊ इथंच राहतो, त्याला बोलावते. मी म्हनलो, बोलवा की मंग, तुमच्यासोबत कुनी हाय का. नंतर आलो तर म्हनल्या, नको, त्याच्याकडे पाहुने आलेत."

मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन उभा राहिलो. मला रडू आलं नाही. रडू आलं असतं तर निदान स्वतःबद्दल थोडं चांगलं वाटलं असतं. मला नुसती लाज वाटत होती, आणि ती अंगावरून उतरत नव्हती. तो चाकांचा आवाज मला आता नीट ऐकू येत होता. स्ट्रेचर होतं ते. नवरा आत, दार बंद, हातात फोन, आणि फोनमधून भाऊ म्हणतोय चष्मा लाव. मग खोलीभर लोक हसतायत. आणि तरी तिने खालचा मेसेज शोधून, आकडे सुटे सुटे करून वाचले होते, म्हणजे माझी पंचाईत होऊ नये.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघं उरणला गेलो. गाडीत बायको खिडकीबाहेर बघत बसली होती. ती टाकून बोलली असती तर बरं झालं असतं. मी तिला सांगणार होतो की मला काय माहीत होतं, पण तेवढं बोलायचीही हिंमत झाली नाही, कारण तिलाही काही माहीत नव्हतं आणि तिने तरी आवाज ओळखला होता.

दार ताईनेच उघडलं. "या या. अगं, तू पण आलीस? बसा, चहा ठेवते." नेहमीसारखीच. डोळ्यांखाली काळं आलं होतं, तेवढंच. मी वाटेत काय काय ठरवलं होतं, कसं बोलायचं, माफी कशी मागायची. आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघावं?

"ताई, मला एक फोन करायचा ना गं!"

वर आवाज चढवून. म्हणजे चूक तिची. मी बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं.

ताईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, काही नाही. "तूच केला होतास की," ती म्हणाली आणि आत चहा ठेवायला गेली.

दाजी पलंगावर उशीला टेकून बसले होते. चेहरा उतरला होता, पण मला बघून त्यांना आनंद झाला, आणि त्यांचा आनंद म्हणजे माझी चेष्टा. "काय रं, मॅच नीट दिसली ना? मना त आत घेतलेला. कोन जिकला त्या पन कोनी नाय सांगला." त्यांना खरंच काही ठाऊक नव्हतं. ताईने त्यांना एवढंच सांगितलं होतं, की मॅच लावायला माझा फोन आला होता. मी त्यांना कोण जिंकलं ते सांगितलं. मग त्यांनी विचारलं, शेवटची ओव्हर कशी झाली, आणि मला हातवारे करून ती ओव्हर सांगावी लागली. ताई दारात कप घेऊन उभी राहून ऐकत होती.

निघताना मी तिला बाजूला घेतलं. माफी मागायचं धाडस तेव्हाही झालं नाही. त्याऐवजी मी म्हणालो, "ताई, मी आता ते सगळं माझ्या नंबरवर घेतो. तुला उगाच त्रास. वेळ नाही, काळ नाही, मी आपला ओटीपी मागतो."

मला वाटलं, तिला बरं वाटेल. तिचा चेहरा एकदम पडला. हॉस्पिटलची हकिगत सांगताना पडला नव्हता तेवढा.

"का? माझं काय चुकलं का?" ती म्हणाली. "त्या दिवशी चुकीचा सांगितला खरा मी.  पण दुसऱ्यांदा दिला ना बरोबर?"

"तसं नाही गं ताई..."

"मग राहू दे. दुसरं तू घेतोस तरी काय माझ्याकडून?"

 खातं तिच्याच नंबरवर राहिलं.

गाडीतून परतताना मी ठरवलं, की आता दर रविवारी ताईला फोन करायचा. काडीसाठी नाही, नुसता. दाजींचं पथ्य काय चाललंय, तिचं काय चाललंय, ते विचारायचं. साधी गोष्ट आहे, लोक करतात. पहिल्या रविवारी जेवणं झाल्यावर मी फोन घेऊन बाल्कनीत गेलो. काय बोलायचं ते मनात जुळवत होतो, परक्या माणसाला फोन लावायचा असावा तसं. लावला. तिने लगेच उचलला.

"हां, थांब, चष्मा घेते."

"ताई, अगं..."

"घेतला. पाठव." थोडं थांबून म्हणाली, "नाही रे आला अजून. परत पाठव."

"ताई, ओटीपी नकोय मला. सहज फोन केला."

 मग तिचा आवाजच बदलला. "काय झालं? घरी सगळे बरे आहेत ना? मुलगी कुठंय?"

"सगळे बरे आहेत. काही झालं नाही. नुसता केला."

"खरं सांग. असा कसा नुसता केला? यांच्या रिपोर्टचं काही कळलंय का तुला? त्या डॉक्टरांनी तुला फोन केला का? माझ्यापासून लपवू नको हां."

मी शपथ घेतली, हसून दाखवलं, दाजींच्या पथ्याचं विचारलं. त्याने ती आणखीनच घाबरली. तिचा श्वास मला ऐकू येत होता. माझा फोन नुसताच येऊ शकतो, हे तिला काही केल्या पटेना, आणि पटावं असं मी आजवर काही केलंही नव्हतं. दाजी आतून विचारत होते, "कोनाचा फोन? काय झायला?" आता त्यांच्या छातीला पुन्हा काही होईल, अशी मला भीती वाटायला लागली.

"अगं ताई, ऐक," मी म्हणालो. "ती काडी बंद पडलीय. तेच सांगायला केला होता. तुला परत त्रास नको म्हणून बोललो नाही."

"असं सांग ना मग! जीव गेला माझा." ती सुटल्यासारखी हसली. "यांना सांगते हां. अहो, काही नाही, त्याचा टीव्ही अडकलाय. हां, पाठव."

मी आत गेलो. टीव्हीवर मुलीचं गाणं चाललं होतं. तिच्या हातातून रिमोट घेतला, सेटिंगमध्ये गेलो आणि चांगल्या चाललेल्या काडीतून ताईचं खातं काढून टाकलं. चौकोन आला. नंबर टाकला. मुलगी "अहो बाबा!" म्हणून ओरडली. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि बघत राहिली.

"आला," ताई म्हणाली, आणि एकेक आकडा सावकाश, स्वच्छ वाचला. एकही चुकला नाही. मी ते टाकले. गाणं परत सुरू झालं.

"आलं का?"

"आलं, ताई."

या वेळी मी फोन ठेवला नाही. तीही थांबली.  शेवटी मी विचारलं, "जेवलीस का?"

"हो रे, कधीच," ती म्हणाली. आणि मग तिनेच घाई केली, "ठेव आता. पाहुणे खोळंबले असतील."

घरात पाहुणे कोणीच नव्हते.